पाऊस? आधार?

प्रिय विन्या,

आठ महिने पत्र नाही, आणि आता लिहितोय तेही स्वतःची अडचण म्हणून. शिव्या आधी देऊन घे. गुडघा तसाच आहे.

अमेरिकी इतिहासलेखिका बार्बरा टकमनवरच्या माझ्या लेखाचा खर्डा तुला वाचायला दिला होता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीवरच्या तिच्या 'द गन्स ऑफ ऑगस्ट'चा पहिला प्रसंग: मे १९१०, इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाची अंत्ययात्रा, घोड्यांवर नऊ राजे. मी लिहिलं होतं, 'पावसाने ओल्या फरसबंदीवर टापा वाजत होत्या.' तू समासात पेन्सिलीने विचारलंस, 'पाऊस? आधार?' मी खोडरबर घेतलं. तेही नीट चाललं नाही, 'धा' अजून दिसतो.

परवा एका मुलाचा प्रबंध तपासायला आला. त्यात माझा पाऊस! माझ्या नावावर असता तरी चाललं असतं रे, टकमनबाईंच्या नावावर आहे. खाली तळटीप, माझ्या लेखाची, पान क्रमांकासकट.

बाईंच्या पानावर लख्ख ऊन आहे, राजांची पदकं त्यात चमकतात. वर सुरुवातीच्या टिपणात त्यांनी बजावलंय की पुस्तकातल्या हवामानालासुद्धा कागदोपत्री पुरावा आहे, 'त्याला तेव्हा वाटलं असेल' हा प्रकार टाळलाय. भाड्याची छोटी रेनॉ घेऊन ही बाई ऐन ऑगस्टात रणभूमी हिंडली, बेल्जियममधल्या लिएजला म्यूज नदीचं पात्र बघून आली. आणि मी खुर्चीत बसून पाऊस पाडला!

तू तिला 'पीएचडी नसलेली गोष्टीवेल्हाळ' म्हणाला होतास. मी म्हटलं होतं, तुझे शोधनिबंध वाळवीलाही पचत नाहीत. ते मागे घेत नाही. १९६३ चं पुलित्झर तिला उगाच नाही मिळालं. पण गोष्ट सांगणारी ती तुझ्याइतकीच कडक निघाली, ढिला मी एकटाच.

मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार छान. घर बदललंस म्हणे, पत्ता जुनाच घालतोय.

आता त्या मुलाला काय सांगू? चूक दाखवली तर विचारेल, सर, मग तुम्हाला कुठे मिळालं? गुण कापायचे तर कुणाचे? काल रात्री त्या तळटिपेशेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'पाऊस? आधार?' अक्षर तुझ्यासारखं तिरकं काढलं. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. लवकर कळव.

तुझा,
बाळ्या