ब्रेसवरची ‘बंदी’ उठली म्हणजे नक्की काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या पिस्तुलांच्या ‘ब्रेस’विषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा ‘बंदी’ आणि ‘बंदी उठली’ यापलीकडे मजकूर जात नाही. दोन्ही शब्द फसवे आहेत.

ब्रेस म्हणजे पिस्तुलाच्या मागे बसवून पट्ट्याने हाताला बांधायचा आधार. जड पिस्तूल एका हाताने पेलता यावे म्हणून अपंग माजी सैनिकांसाठी तो निघाला. २०१२ साली एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याने लेखी कळवले की, ब्रेस लावल्याने पिस्तुलाचा वर्ग बदलत नाही. गोम अशी की तो खांद्याला टेकवूनही गोळी झाडता येते. १९३४च्या कायद्यानुसार खांद्यावरून झाडण्यासाठी घडवलेली, आतून आटे असलेल्या नळीची बंदूक ही रायफल. तिची नळी १६ इंचांहून किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी असेल तर नोंदणी सक्तीची; विनानोंदणी बाळगल्यास १० वर्षांपर्यंत कैद. (मूळ विधेयकात पिस्तुलेही होती आणि रायफल कापून कोणी पळवाट काढू नये म्हणून हे कलम होते. पिस्तुले वगळली गेली, कलम राहिले. आजचा घोळ तिथला.)

नळी मोजतात ती बोल्ट (नळीचे मागचे टोक बंद करणारा भाग) बंद करून, पुढच्या तोंडातून काठी आत सरकवून. पुढचा फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा तुकडा) वेल्डिंगसारख्या पद्धतीने कायमचा जोडला असेल तरच लांबीत धरतात. नुसता आट्यांवर फिरवलेला नाही. इथे बरेच जण चुकतात.

खात्याने २०१५ साली खांद्याला लावणे गैर ठरवले आणि २०१७ साली ते बरेचसे मागे घेतले. जानेवारी २०२३च्या नियमाने मागचा पृष्ठभाग, वजन, लांबी, दुर्बिणीचे डोळ्यापासूनचे अंतर, इतकेच काय, कंपनीची जाहिरातही ब्रेसवाले पिस्तूल रायफल ठरवण्याच्या निकषांत आणली. हीच ती ‘बंदी’. २०२१च्या मसुद्यात गुणांचा तक्ता होता, अंतिम नियमात तो गायब. लोकांना ज्यावर हरकत घेताच आली नाही तो नियम कसा चालेल, असा आक्षेप अपील न्यायालयाने उचलून धरला आणि जून २०२४ मध्ये टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयाने नियम रद्द केला.

रद्द झाला तो नियम. १९३४चा कायदा जागेवर आहे. १ जानेवारी २०२६पासून आखूड रायफलीवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, तरी अर्ज, बोटांचे ठसे आणि मंजुरी सुटलेली नाही. राज्यांचे कायदे वेगळेच.

एच-१बी व्हिसावर तिकडे असलेल्या आपल्या मुलांना तर, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, कोणतीच बंदूक बाळगता येत नाही. मग ब्रेस असो वा नसो.

आपला,
एक वाचक