बाबांच्या गाडीबद्दल

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, माझी डिझेल गाडी तुम्हाला पाठवून देतो, मी दुसरी घेतो. तुझी माया कळली बाळा, पण ती गाडी आम्हाला नको. का, ते फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत आपण तुझ्या त्या उंच गाडीने खानापूरला निघालो तेव्हा तू सामान भरत होतास, तुला दिसलं नाही. बाबांनी दाराची वरची कड धरली, उजवा पाय आत ठेवला आणि डाव्या पायाने रेटा देऊन वर चढायला बघितलं. ऑपरेशन झालेला गुडघा तोच. दोनदा खाली आले. तिसऱ्यांदा मी मागून आधार द्यायला गेले तर माझा हात बाजूला केला त्यांनी. पुढे खानापूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे : ज्या गाडीत ते कुणाचा हात न धरता बसतील आणि उतरतील, तीच गाडी त्यांची.

बसकी गाडीही नको. तिच्यात बसणं सोपं, पण उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. म्हणून मी माझी शिवणाची टेप काढली, बाबांच्या तळपायापासून मांडीच्या मध्यापर्यंत माप घेतलं आणि आम्ही दोघं रिक्षाने शोरूममध्ये गेलो. वॅगनआरच्या सीटला टेप लावली, बरोबर जमलं. बाबा आधी पाठमोरे टेकले, मग एकेक पाय आत घेतला. उतरले, पुन्हा बसले. चार वेळा बसले बघ! कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तसं हसू बघितलं.

क्लचची गाडी घ्यायची नाही, हे मात्र पक्कं. इथे दुसऱ्या रेल्वे गेटजवळ गेट उघडलं की दोन्हीकडची गर्दी एकदम घुसते आणि पावलापावलाने सरकावं लागतं. डावा पाय सारखा क्लचवर. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काम नाही. एएमटीची, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी पन्नासेक हजारांनी महाग पडते, पण तिथे हात आखडू नकोस, वाटल्यास वरची सजावट कमी कर. हिल होल्ड म्हणतात ती सोय तेवढी बघून घे, नाहीतर चढावर ब्रेक सोडला की गाडी मागे घसरते. मागचे सेन्सर २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना येतातच, पण बाबांची मान वळत नाही, म्हणून कॅमेराही बसवून घेऊ.

तुझ्या डिझेलबद्दल आपल्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी लांब आणि वेगात पळावी लागते. बाबांची धाव केवढी? बाजार, दवाखाना, शहापूरला आत्याकडे. तीन-चार किलोमीटरमध्ये तो फिल्टर तुंबणारच. शिवाय एमएच पासिंगची गाडी कायमची इथे ठेवायची तर पुण्याहून एनओसी आणा, १२ महिन्यांच्या आत इथला केए-२२ नंबर करून घ्या, इथला टॅक्स नव्याने भरा आणि तिकडचा परत मागत बसा. आरटीओच्या खेपा बाबांना नकोत.

सीएनजीचाही हिशेब केला मी. महिन्याला आपलं चारशे किलोमीटर होईल, म्हणजे वीसेक लिटर पेट्रोल. सीएनजीने वाचतील हजारभर रुपये, आणि गाडी महाग नव्वद हजारांच्या आसपास. वसूल व्हायला सात-आठ वर्षं लागतील. आणि डिकीत टाकी आली की बाबांचा वॉकर कुठे ठेवू?

२०२५ च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी घेणंही आवाक्यात आहे. पैसे सगळे तू घालायचे नाहीत. बाबांच्या एका ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपते, ती रक्कम त्यांना यातच घालायची आहे. त्यांची गाडी त्यांच्या पैशाची वाटू दे.

लायसन्सची काळजी करू नकोस. या वयात पाचच वर्षांचं मिळतं, डॉक्टरांचा दाखला जोडून नूतनीकरण झालंय. मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, म्हणून अंधार पडल्यावर चालवायचं नाही असं त्यांनी आपणहून ठरवलंय.

शनिवारी ये. शोरूमवाले चालवायला गाडी देणार आहेत. कपिलेश्वर पुलाच्या चढावर मध्येच थांबवून पुन्हा काढून बघू. बाबाच चालवतील, तू शेजारी बस आणि मध्ये मध्ये सूचना देऊ नकोस. सूनबाईला आणि पिल्लांनाही आण, मांडे मागवून ठेवते.

तुझी,
आई