कर्नाळ्याच्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं दादा. रविवारी माझ्या बाबांना तुम्ही कर्नाळा किल्ल्यावर नेलंत त्याला चार दिवस झाले. आठवलं की अजून घसा दाटून येतो, म्हणून हे पत्र.

बाबा ७४ वर्षांचे. त्यांचं लहानपण शिरढोणला मामाकडे गेलं. हायवेवरून जाताना कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसला की आजही मान वळवून दिसेनासा होईपर्यंत बघतात. मागच्या वर्षी एका ट्रेकवाल्यांकडे आम्ही पैसे भरले, वय आधीच कळवलं होतं. तरी पायथ्याशी त्यांचा लीडर वीस जणांसमोर म्हणाला, "आजोबांना इथेच बसू दे, सगळ्यांचा वेळ जाईल." बाबा हसले आणि बाकावर बसले. मीही त्यांच्याजवळ बसून राहिले. घरी आल्यावर त्यांनी ते नवे बूट खोक्यात घालून माळ्यावर टाकले. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही वय विचारलंच नाहीत. बाबांच्या बुटांकडे बघून एवढंच म्हणालात, "जमेल तिथवर जाऊ, काका."

पहिल्याच चढावर बाबांचा श्वास फुलला. ते थांबणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मान खाली घालून, ओठ आवळून ते चालतच होते. तेवढ्यात तुम्हीच एका दगडावर टेकलात. "दम लागला बघा मला, काका. बसू जरा." रोज त्या वाटेनं लाकूडफाटा घेऊन चढणारा माणूस! बाबा लगेच शेजारी बसले, वर तुम्हालाच म्हणाले, "सवकाश, घाई नाही." त्यानंतर अकरा वेळा तुम्हाला दम लागला, मी मोजलं. दर वेळी बाबांच्या थोडं आधी.

एकदा असेच बसलो असताना बाबा वासुदेव बळवंतांविषयी सांगू लागले: १८४५ साली शिरढोणला त्यांचा जन्म, त्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार, १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. हे सगळं तुम्हाला पाठ असणार. तरी गोष्ट संपेपर्यंत उठला नाहीत. मध्येच झाडीत शीळ घुमली तेव्हा फक्त बोट वर केलंत. कस्तुर! बाबा तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. १९६८ पासून इथे अभयारण्य आहे, पण पनवेलला राहूनही त्या पक्ष्याची शीळ मी पहिल्यांदाच ऐकली.

धारेवर आल्यावर वारा लागला, झाडी संपली. सुळक्यावरची आग्या मोहोळं दाखवून तुम्ही आवाज खाली आणलात. "सेंट लावलाय का, ताई?" मी लावला होता. ओल्या फडक्यानं मान, मनगटं पुसायला लावलीत, ओढणी डोक्यावरून घ्यायला सांगितलीत, पण कुठे ओरडणं नाही की "शिकलेली माणसं तुम्ही" असलं काही नाही. चांगुलपणा असाच असतो बहुतेक, समोरच्याला लहान न करता केलेला. आमच्याकडे शिकलेल्यांत तो फार कमी दिसतो.

कर्णाईच्या देवळापाशी आपण थांबलो. बालेकिल्ला राहिला, पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. पायरीवर बसून त्यांनी हातांनी सुळक्याचा आकार काढला, शाळकरी पोरासारखा.

त्या रात्री पाय शेकताना त्यांनी विचारलं, "काय गं, त्या मुलाला खरंच दम लागत होता का?"

मी हो म्हटलं. मोबाइलवरचं बारीक अक्षर त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे हे पत्र त्यांच्यापर्यंत जाणार नाही. पण पुढच्या महिन्यात ते तुमच्याकडे यायचं म्हणताहेत. विचारलंच तर तुम्हीही हो म्हणा, दादा.

बूट आता दाराशीच असतात.

तुमची,
पनवेलची ताई