बटणाचीही बातमी होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मेटल डिटेक्टर घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या हौशी मंडळींवरचा लेख वाचला. सोनं कुणाला सापडलं, त्याचे किती पैसे आले, ते कसे वाटले गेले, हे सगळं त्यात तपशिलानं आहे. पण वस्तू किती खोल होती, कशी पडली होती, शेजारी काय होतं, याबद्दल अवाक्षर नाही. आम्ही चार मित्र सहा वर्षं हा छंद करतो आहोत. अशा बातम्यांनी या छंदाचं फार नुकसान होतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्र.

सहा वर्षांत आम्हाला सोन्याचा कणही मिळालेला नाही. मिळतात ते खिळे, नालांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, शिशाच्या गोळ्या, झिजून गुळगुळीत झालेली तांब्याची नाणी आणि बटणं. बटणं तर पुष्कळ. काम करता करता दोरा तुटतो, बटण मातीत पडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नाणं पडलं तर माणूस वाकून शोधतो, बटणासाठी कोण थांबतं? त्यामुळे त्या जागी कोण वावरत होतं, हे नाण्यापेक्षा बटण जास्त खरेपणानं सांगतं, असं माझं मत झालं आहे.

यंत्राचं काम समजायला अवघड नाही. यंत्राच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, त्यामुळे धातूत विजेचे बारीक भोवरे उठतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइल पकडते. चांदी आणि तांबं हेडफोनमध्ये उंच, स्वच्छ वाजतात, लोखंड घोगरं वाजतं. पण बारीकशी अंगठी आणि चॉकलेटचा चंदेरी कागद यांचा आवाज जवळजवळ सारखाच येतो, म्हणून खणल्याशिवाय गत्यंतर नसतं. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत ऐकू येते. (1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच यंत्र वापरलं होतं. पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला आणि गोळी सापडली नाही.)

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातून आलं आहे.

दुसऱ्या वर्षी, मालकाची लेखी परवानगी घेऊन, आम्ही एका नुकत्याच नांगरलेल्या शेतात उतरलो होतो. नांगराच्या एका सरीच्या कडेला मधलाच, किंचित भरड आवाज आला. ढेकूळ फोडलं तर आत एक करडी, चपटी चकती. मागे कडीचं मोडकं टोक आणि पुढे खरखरीत पापुद्र्याखाली पुसटसे आकडे. कथलाच्या मिश्रधातूचं बटण होतं ते. मी इतका हरखलो की तिथेच बाटलीतलं पाणी ओतलं आणि जुन्या टूथब्रशनं खसाखसा घासलं. कथील मऊ असतं. आकडा त्या पापुद्र्यातच शिल्लक होता आणि पापुद्रा निघाला तसा आकडाही निघाला. आज त्या बटणावर दुसरा आकडा 4 आहे एवढं नक्की दिसतं. पहिला 3 आहे की 8, हे भिंगाखाली, तिरप्या उजेडात, शंभरदा बघूनही कळत नाही.

याचं एवढं काय, असं वाचकांना वाटेल. ब्रिटिश पायदळाच्या पलटणींचे क्रमांक बटणांवर आले ते 1767 च्या आदेशानं. साध्या शिपायाचं बटण 1855 पर्यंत कथलाचं होतं, मग पितळी झालं. 1871 मध्ये बहुतेक शिपायांच्या बटणांवरून क्रमांक जाऊन सरसकट राजचिन्ह आलं आणि 1881 च्या पुनर्रचनेत पलटणींची जुनी क्रमवारीच मोडली. म्हणजे क्रमांक असलेलं कथलाचं बटण हाती आलं की काळ आपोआप 1767 ते 1855 असा बांधला जातो. क्रमांक वाचता आला, तर ती पलटण कोणत्या वर्षी कुठे होती हे तिच्या नोंदींतून काढता येतं. माझ्याकडे काळ आहे, पलटण नाही.

त्याहून मोठी चूक मी त्या दिवशी केली ती जागा न लिहिण्याची. तीन आठवड्यांनी त्याच शेतात माझ्या मैत्रिणीला तसंच बटण मिळालं. तिनं ते ओल्या मातीसकट डबीत ठेवलं, फोनवर जागेची नोंद केली, खोली मोजली. घरी नुसत्या पाण्यात हलकेच भिजवल्यावर स्वच्छ 84 दिसला. मग तिनं विचारलं, "तुझं कुठे मिळालं होतं रे?" मला बांधाची दिशासुद्धा धड सांगता येईना. दोन्ही एकाच पलटणीची असती आणि जवळजवळ पडलेली असती, तर तिथे शिपायांचा मुक्काम होता का, हा प्रश्न तरी विचारता आला असता. आता तोही विचारता येत नाही. नांगरानं वस्तू इकडची तिकडे होते हे खरं, पण नांगरट झालेल्या शेतातही बटणांचे आणि गोळ्यांचे पुंजके नकाशावर उमटतात. ते उमटण्यासाठी प्रत्येक वस्तूची जागा लागते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्न या रणभूमीचं आहे. 25 जून 1876 ला तिथे लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी अमेरिकी लष्करातल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या तुकडीचा पुरता पाडाव केला. 1983 मध्ये त्या माळावर वणवा लागला आणि गवत जळून जमीन उघडी पडली. 1984 आणि 1985 मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी तिथे काम केलं आणि मदतीला घेतले आमच्यासारखेच डिटेक्टरवाले हौशी लोक. स्वयंसेवक ओळीनं चालत. यंत्र वाजलं की तिथे झेंडी रोवायची आणि पुढे जायचं, खणायचं नाही. मागून येणारे उकरणार, त्यांच्या मागचे जागा मोजून लिहिणार. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर बंदुकीतल्या आघात करणाऱ्या पिनेची खूण उमटते आणि ती प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. एकाच खुणेच्या पुंगळ्या नकाशावर जोडत गेलं की एक बंदूक, म्हणजे ती धरलेला एक माणूस, त्या दिवशी माळावर कुठून कुठे सरकला ते दिसतं! शंभराहून अधिक वर्षांनी. त्यातली एकेक पुंगळी बाजारात नेली तर तिला काय भाव येणार? आणि खिशात घालून घरी नेली असती, तर तो माणूस तिथून चालत गेला होता हे कायमचं पुसलं गेलं असतं.

इंग्लंडमधल्या बॉसवर्थचंही तेच. 1485 ची ती लढाई एका टेकडीवर झाली असं पिढ्यान् पिढ्या मानलं जात होतं. 2005 पासून डिटेक्टरनं पद्धतशीर पाहणी झाली आणि शिशाचे गोळे सापडत गेले ते त्या टेकडीपासून दोनेक मैल दूर. रणभूमीची जागाच बदलली, तीही शिशानं.

मोठे साठे मिळतात तेव्हाही खरी गोष्ट जागेचीच असते. 1992 मध्ये इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते आणि त्यांना रोमन नाणी लागली. काही नाणी बाहेर काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. जवळपास 15 हजार नाणी निघाली, पण मला जास्त भावतं ते हे की लाकडी पेटी कुजून गेली असूनही आत काय कसं रचलं होतं हे कळू शकलं, कारण एक माणूस वेळेवर थांबला. हातोडाही सापडला आणि तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

उलट 2015 मध्ये इंग्लंडमधल्याच हेरफर्डशरमध्ये दोघांनी सापडलेला साठा दडवला आणि नाणी विकायला काढली. सुमारे 300 नाणी असावीत असा अंदाज होता, हाती आली तीसेक. त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्शियाचा केओलवुल्फ हे इंग्लंडमधल्या दोन जुन्या राज्यांचे राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत. अँग्लो-सॅक्सन बखरीनं ज्याला दुसऱ्याच्या हातचं कळसूत्री बाहुलं ठरवलं, त्या केओलवुल्फची बाजू सांगणारी ही नाणी आहेत. 2019 मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. उरलेली नाणी काय सांगणार होती, ते गेलंच.

कायदा जिथला तिथला वेगळा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सापडलेल्या निधीबद्दल 1996 चा कायदा आहे, आणि सुट्या नाण्यांसाठी, बटणांसाठी, जे कायद्यानं 'निधी' ठरत नाही त्यासाठी 1997 पासून ऐच्छिक नोंदीची योजना आहे. तिथे दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय पुरातन वस्तू शोधायला डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे. तेव्हा यंत्र विकत घेण्याआधी आपल्या जागेचा कायदा वाचणं आणि जमीनमालकाकडून लेखी परवानगी घेणं, यात सवलत नाही. संरक्षित स्थळाच्या आसपास तर फिरकूच नये. रात्री चोरून खणणारे लोक आहेत, ते आमच्याही शेतात येऊन गेले आहेत. पैशाच्या बातम्या वाचून येतात, खड्डे तसेच टाकून जातात आणि मग मालक आम्हालाही नाही म्हणतो. त्याचं काही चुकत नाही.

माझी आपल्याला एवढीच विनंती आहे की यापुढे अशी बातमी आली तर आपल्या वार्ताहरानं किमतीच्या आधी शोधणाऱ्याला विचारावं: किती खोल होतं, कुठे होतं, शेजारी काय होतं, आणि कुणाला कळवलंत? उत्तरं छापा. ज्याच्याकडे उत्तरं नाहीत त्याचं तेही छापा. आणि कधीतरी एखाद्या बटणाला चार ओळी द्या. मैत्रिणीच्या बटणाचा फोटो आणि नोंदीचा कागद सोबत पाठवत आहे, हवा तर वापरा. माझंही बटण डबीत चिठ्ठीसह ठेवलं आहे. त्या चिठ्ठीवर क्रमांकापुढे '34 किंवा 84' असं लिहिलं आहे आणि जागेपुढचा रकाना कोरा आहे.

आपला,
एक नियमित वाचक