नाव न सांगता राबलेल्या हातांना

पॅलिओ, म्हणजे शेती सुरू होण्याआधीच्या माणसासारखा आहार पाळणाऱ्यांसाठी 'प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा' असं जेवण ठरवलं, तेव्हा मला धास्ती स्वयंपाकाची नव्हती. कुणाच्या पानात चुकून काय जाईल याची होती. धान्य, डाळी, दूध, साखर नको, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण शेंगदाणाही डाळींच्याच कुळातला, आणि सोया सॉसमध्ये सोयाबरोबर बहुतेकदा गहूही असतो, हे ऐन घाईत कोण लक्षात ठेवणार?

तुम्ही ठेवलंत. दाराशी उभं राहून प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी चिकटवणाऱ्या ताई, तुमचे मनापासून आभार. 'तेल कोणतं वापरलंत?' हे तुम्ही इतक्या मायेने विचारत होतात, की कुणालाच ती उलटतपासणी वाटली नाही. अंडी किंवा सुकामेवा असलेल्या पदार्थाच्या चिठ्ठीवर तुम्ही लाल रेघ ओढलीत. त्या रेघेमुळेच बदामाची ॲलर्जी असलेली एक मुलगी निर्धास्त जेवली. तिची आई नंतर माझा हात धरून नुसती उभी राहिली. तो हात खरं तर तुमचा धरायचा होता.

प्रत्येक पातेल्यात वेगळा डाव ठेवणारे, मांस-मासे 2 तासांच्या वर बाहेर राहू नयेत म्हणून घड्याळावर नजर ठेवून असलेले दादा, आणि सगळे पांगल्यावर करपलेली कढई घासून पालथी घालून गेलेले तुम्ही, जे कोण असाल ते, तुमचे सगळ्यांचे आभार. पुढच्या जेवणाला रिकाम्या हातांनी या. तुमचं पान आधी वाढू.