चाची, त्या दुपारसाठी आणि तुमच्या बिडाच्या तव्यासाठी

चाची, सलाम.

तुम्ही म्हणाल घर समोरासमोर, एक हाक मारली की ऐकू येते, मग पत्र कशाला. पण समोर आलं की तुम्ही "जाऊ दे नं बेटा" म्हणून लगेच दुसराच विषय काढता अन् माझं बोलणं राहूनच जाते, म्हणून इथे लिहून टाकते. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेलच, अन् बाकीच्यांनी वाचलं तरी मला हवंच आहे.

पोरगी जुलैत आली, रशियात कझानला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे हे तुम्हाला माहीतच आहे, दोन वर्षांनी घरी आली अन् आली तशी गप्प. वाळली होती नुसती. मी पाटवडीचा रस्सा केला, भरली वांगी केली, तिला लहानपणी आवडायचं ते एक एक करून सगळं केलं पण ताटात अर्धं तसंच राहायचं. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, आई, तिकडं हॉस्टेलजवळ एक आजी मांस भरलेली पातळ धिरडी विकते, ब्लिनचिकी म्हणतात, बाहेर बर्फ अन् हातात ते गरम गरम, ते खावंसं वाटते. मला आधी लागलंच, खोटं कशाला बोलू. घरी येऊन हिला तिथलं आठवते, असं वाटलं. पण पोरीनं तोंडानं काही मागितलं हे मोठं होतं माझ्यासाठी.

आखाड सरत आला होता, श्रावण लागायला आठ-नऊ दिवस, एकदा लागला की आमच्या घरात मटण बंद. म्हणून घाई केली अन् घाईतच सगळं बिघडलं. मी आपला नेहमीसारखा खिमा केला, सावजी मसाला, वर तर्री, अन् मैद्याच्या धिरड्यात भरला. रस्स्यानं धिरडं भिजलं, दुमडायला गेले तर मधोमध फाटलं, अर्धं सराट्याला अन् अर्धं तव्याला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती म्हणाली, राहू दे आई. त्या "राहू दे" नं मला इतकं भरून आलं की मी मागच्या अंगणात जाऊन रडत बसले, अन् तेवढ्यात तुम्ही निंदणावरून येत होत्या.

पाय चिखलानं भरलेले, डोक्यावर गवताचा भारा. तो तिथंच टाकला, हातपाय धुतले अन् सरळ आत गेल्या. मला काहीच विचारलं नाही तुम्ही. तिच्यापुढं बसून म्हणाल्या, "बेटा, तिकडं कसं करते ते मले सांग, तू पाह्यलं असशीन." अन् चाची, पोरगी बोलायला लागली. मांस आधी उकडतात, मग दळतात, कांदा लोण्यात परतून त्यात टाकतात, मसाला म्हणजे मीठ-मिरे बस. तुम्ही ऐकून घेतलं अन् म्हणाल्या, "मंग हे तं बिनडाळीचं शामी कबाबच झालं नं." माझ्या दोन दिवसांच्या चुकीचं उत्तर त्या एका वाक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी निंदणाची रोजी पाडून तुम्ही आल्या, ते मी विसरणार नाही. बिडाचा तवा पदराखाली झाकून आणला, कारण भुरभुर पाऊस होता. अर्धा किलो बिनहाडाचं मटण, मीठ अन् आल्याचा तुकडा घालून कुकरला सहा शिट्ट्या. पाणी गाळून बाजूला ठेवायला लावलं, फेकू दिलं नाही. मांस पाट्यावर रगडलं, मिक्सर होता तरी, कारण मिक्सरनं त्याचा लगदा होते अन् पाट्यावर धागा राहते असं तुमचं म्हणणं. दोन कांदे लालसर होईस्तोवर परतले, मांस टाकलं, मिरे कुटून टाकले, अन् ते गाळलेलं पाणी दोनच चमचे, ओलसर राहावं पण पाणी सुटू नये इतकंच. सांभार म्हणजे कोथिंबीर मी टाकू का विचारलं तर तुम्ही पोरीकडं पाहिलं, ती म्हणाली तिकडं शेपू टाकतात, मग मी परसातून शेपूच तोडून आणला.

पिठाचंही तसंच. दोन वाट्या मैदा, तीन अंडी, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर, आधी थोड्याच दुधात घट्ट फेटायचं म्हणजे गाठी राहत नाहीत, मग बाकीचं दूध, सगळं मिळून अर्धा लिटर, शेवटी दोन चमचे तेल. पातळ किती, तर ताकासारखं. अन् मग अर्धा तास पिठाचं भांडं झाकून ठेवून द्यायचं. मी पुन्हा घाई करत होते, तुम्ही माझा हात धरून बसवलं की मैदा भिजू दे, नाहीतर तो रबरासारखा ओढते अन् फाटते.

मग तुम्ही कांदा अर्धा कापला, काट्याला टोचला, तेलात बुडवून तव्यावर फिरवला. चर्र असा आवाज आला अन् पोरगी उठून जवळ आली, म्हणाली चाची, तिकडच्या आज्यापण असंच करतात, कोणी आलू घेते कोणी कांदा! पहिलं धिरडं चिकटलं, गोळा झाला. माझा जीव खाली गेला पण तुम्ही शांत, "पहिलं तव्याचं असते." अन् ती हसली, किती दिवसांनी हसली, म्हणे रशियनमध्ये म्हणच आहे, पहिला ब्लिन, म्हणजे धिरडं, गोळाच होतो.

सगळ्यात मोठी गोष्ट मला तिनं अन् तुम्ही मिळून शिकवली. हे धिरडं उलटायचंच नाही. एकच बाजू भाजायची, कडा सुटल्या की ताटात काढायचं, सारण भाजलेल्या बाजूवर ठेवायचं, आधी खालची कड वर, मग दोन्ही बाजू आत, मग पाकिटासारखी गुंडाळी. कच्ची बाजू बाहेर राहते, ती नंतर लोण्यावर खरपूस होते, अन् जोड आधी खाली ठेवला की तो चिकटून बंद होते, उघडतच नाही. मी दोन्ही बाजू कडक भाजत होते, म्हणून दुमडताना तडकत होतं. पंधरा झाले. एकही फाटला नाही. तिकडचं आंबट क्रीम आपल्याकडं कुठलं, तर तुम्ही साय अन् घट्ट दही फेटून दिलं. पोरीनं चार खाल्ले. मी मोजले.

खाताना ती सांगत होती की तिकडं मास्लेनित्सा म्हणून ब्लिनीचा सण असते, हिवाळा सरताना आठवडाभर, पण त्या आठवड्यात दूध लोणी अंडी चालते अन् मांस नाही, कारण पुढं ईस्टरच्या आधीचा मोठा उपास येतो. तुम्ही म्हणाल्या, "म्हंजे त्यायचाबी श्रावण हाय." त्या रात्री ती माझ्याजवळ झोपली अन् तिकडच्या एकटेपणाचं सगळं बोलली, पहाटेपर्यंत. ते काय ते मी इथे लिहिणार नाही, पण ते बाहेर निघालं ते तुमच्यामुळं, चाची. मी विचारत होते तेव्हा तिचं तोंड मिटत होतं, तुम्ही तिच्याकडून शिकायला बसल्या अन् ते उघडलं.

त्या दिवशीची रोजी देऊ केली तर तुम्ही रागावल्या, म्हणून पैशाचं पुन्हा काढत नाही. मनापासून आभार, एवढंच.

पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, झाली की दोन दिवसांनी ती निघते. करीला पुन्हा करणार आहे, मटण तुमच्याच नेहमीच्या दुकानातून आणते, तुम्ही अन् नातू दोघं या, रिकाम्या हातानं या. तवा तोवर माझ्याकडंच राहू द्या, तेल लावून ठेवला आहे, गंज चढू देत नाही.