घटनास्थळी शब्द कोणाचा चालतो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोठी आग लागली, स्फोट झाला, इमारत कोसळली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत वर्दी किती वाजता मिळाली, किती बंब धावले, आग आटोक्यात यायला किती तास लागले, पाहणीला कोण कोण येऊन गेले, हे सगळे असते. तिथे हुकूम कोणाचा चालत होता आणि त्या अधिकाऱ्याला काय काय ठरवण्याची मुभा होती, हे मात्र शोधूनही सापडत नाही. माणसे वाचली की दगावली याचे उत्तर अनेकदा तिथेच दडलेले असते, म्हणून हे पत्र.

लंडनचा ग्रेनफेल टॉवर पाहा. १४ जून २०१७ च्या रात्री १२.५४ वाजता पहिला फोन आला. या २४ मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, एका स्वयंपाकघरात आग लागली होती. जवानांनी घरातली आग विझवलीही, पण तोवर ती खिडकीवाटे बाहेर पडून भिंतींवरच्या ज्वलनशील आवरणाला लागली होती. उंच इमारतींसाठी तिथला शिरस्ता असा, की तुमच्या घरात आग नसेल तर दार लावून आतच थांबा. आग एका घरापुरती कोंडून राहील, हे त्यामागचे गृहीतक. ते डोळ्यांदेखत खोटे ठरत असतानाही मदतीसाठी फोन करणाऱ्यांना आत थांबायलाच सांगितले जात होते. तो सल्ला रद्द झाला २.४७ वाजता. तो दीडच्या सुमारास, फार तर १.५० पर्यंत मागे घ्यायला हवा होता आणि घेतला असता तर बळी कमी गेले असते, असे चौकशी आयोगाने २०१९ च्या अहवालात म्हटले. त्या रात्रीने ७२ जीव घेतले.

सुरुवातीला घटनास्थळाची सूत्रे ज्याच्याकडे होती तो अधिकारी अनुभवी होता. पण ठरलेला शिरस्ता मोडून सगळी इमारत रिकामी करण्याची वेळ आली आहे हे कसे ओळखायचे, याचे प्रशिक्षणच त्याला मिळालेले नव्हते. त्या माणसाला दोष देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. कागदावरचा अधिकार हाताखालच्यांना प्रत्यक्ष वापरता यावा अशी त्यांची तयारी करून घेणे, हे दलप्रमुखाचे काम. ते आगीच्या रात्री करता येत नाही, वर्षानुवर्षे आधी करावे लागते.

त्याच वर्षी २२ मे रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या अरीना या मोठ्या सभागृहात बॉम्बस्फोट झाला, २२ जण मारले गेले. गाड्या होत्या, जवान तयार होते, तरी अग्निशमन दल तिथे पोहोचले दोन तासांनंतर. पोलिसांच्या बाजूने सगळा समन्वय एकाच अधिकाऱ्याच्या डोक्यावर होता आणि त्याचा फोन सतत व्यग्र लागत होता. दुसरा हल्लेखोर असेल या शंकेने बंब काही मैल दूरच्या केंद्रावर गोळा करण्यात आले. धोका पत्करून ‘पुढे जा’ म्हणण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. सावधगिरीसुद्धा एक निर्णयच असतो आणि त्याचाही जाब द्यावा लागतो, हे वरिष्ठांनी मनावर कोरून ठेवले पाहिजे.

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यात ३४३ अग्निशमन जवान गेले. मनोरा टिकणार नाही असा इशारा पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिला जात होता, पण तो खाली उभ्या असलेल्या अग्निशमन प्रमुखांपर्यंत पोहोचत नव्हता. दोन्ही दले शूर होती, पण त्यांची कमान वेगवेगळी होती.

यावरचा तोडगा तसा जुना आहे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात वणव्यांनी हाहाकार उडवला. मदतीला आलेल्या अनेक दलांचा मेळ बसेना, तेव्हा तिथे घटनास्थळाच्या नेतृत्वाची एक पद्धत बसवण्यात आली. पहिला पोहोचलेला अधिकारी, हुद्दा कोणताही असो, तोच प्रमुख. वरिष्ठ आला म्हणून कमान आपोआप त्याच्याकडे जात नाही. त्याने आधी परिस्थिती समजून घ्यायची, मग सूत्रे घेतल्याचे वायरलेसवर सर्वांना सांगायचे. एका माणसाने साधारण पाचच जणांना थेट हुकूम द्यायचे, सातच्या वर नाहीच. दिसायला हे किरकोळ आहे, पण ‘मला वाटले साहेबांनी सांगितले असेल’ या वाक्याला त्यात जागा उरत नाही.

प्रमुख नसेल तर कोण, हेही आधीच ठरलेले हवे. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोचे अग्निशमन प्रमुख डेनिस सुलिव्हन सुरुवातीलाच जबर जखमी झाले आणि काही दिवसांत वारले. पाण्याच्या नळवाहिन्या फुटलेल्या होत्या. समुद्राच्या पाण्याची पर्यायी सोय करा, असे हेच सुलिव्हन कित्येक वर्षे सांगत होते! शहराने ती केली, पण शहर जळून गेल्यावर.

प्रमुखाच्या अधिकारांत कुलूप तोडणे, वीज तोडायला लावणे, मिळेल तिथून पाणी घेणे, रस्ता रिकामा करणे हे सारे येते. दोरीच्या आत कोणाला सोडायचे हेही त्यानेच ठरवावे, मग समोर कितीही मोठा पदाधिकारी असो. यातला एक अधिकार मला सर्वांत नाजूक वाटतो, तो म्हणजे आपल्याच माणसांना बाहेर बोलावण्याचा. श्वसन संच लावून आत शिरणाऱ्या प्रत्येक जवानाचे नाव, आत गेल्याची वेळ आणि सिलिंडरमधला दाब दारापाशी फळ्यावर लिहिला जातो. दाब ठरावीक पातळीखाली उतरला की संचाची शिट्टी वाजते, पण शहाणा अधिकारी शिट्टीची वाट पाहत नाही. आत अजून कोणी अडकले असेल, हे ठाऊक असूनही ‘सगळे बाहेर या’ म्हणावे लागते. हे म्हणणाऱ्याच्या पाठीशी प्रशासनाने उभे राहिले पाहिजे.

आगीआधीच्या अधिकारावर तर सर्वांत जास्त दडपण येते. धोकादायक इमारतीला नोटीस देणे सोपे, ती बंद करणे अवघड. मालकाचे नुकसान होते, कामगारांचा रोजगार बुडतो, वरून फोन येतात. अशा वेळी केलेली टाळाटाळ पुढे कोणाच्या तरी जिवावर बेतते. म्हणून कोणत्या इमारतींना नोटीस दिली, पुढे काय झाले आणि कारवाई थांबली असेल तर कोणाच्या सहीने, हे प्रमुखाने ठरावीक मुदतीत जाहीर करावे असे बंधन हवे. दुर्घटनेनंतरचा अहवालही लोकांना वाचायला मिळाला पाहिजे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी बंबांच्या संख्येबरोबर दोन गोष्टी आवर्जून विचारा आणि छापा: घटनास्थळी सूत्रे कोणाकडे होती, आणि या इमारतीची शेवटची तपासणी झाल्यावर कोणी काय केले?

आपला,
एक नियमित वाचक